‘वर’ आणि ‘पाशी’

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



चार माणसांसमोर बोलायला उभे राहण्याची माझी ही पहिलीच वेळ. आजवर वर्धापनदिनाला माझे काम ठरलेले असे. मोठे पातेले, झारा, आणि आलेल्या सगळ्यांना पोहे पुरतात की नाही याची काळजी. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव स्वयंपाकाच्या यादीतून काढून भाषणाच्या यादीत घातले. “तुम्ही त्या इंग्रजी शब्दाविषयी वर्गात जे बोललात, तेच इथे बोला,” असे त्या म्हणाल्या. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आमच्या गावची शाळा तिथेच संपत असे, आणि आठवीसाठी पुढच्या गावी मुलींना कोणी पाठवीत नसे. तेव्हा माझ्या बोलण्यात विद्वत्ता शोधू नका. जे सुचले ते सांगते, ते गोड मानून घ्या.

शब्द आहे ‘व्हेंट’. तो माझ्यापर्यंत कसा आला, ते आधी सांगते.

माझी थोरली लेक पुण्याला नर्सिंगचे शिकते. एके रात्री तिचा फोन आला. आवाज जड होता. दिवसभर वॉर्डात उभे राहणे, एका रुग्णाच्या नातेवाइकाने केलेली अरेरावी, मेसमधली आमटी, असे एकेक सांगू लागली. तिचे दोनतीन वाक्ये होतात न होतात तोच मी सुरू केले. “तू वेळेवर जेवत नाहीस. रात्री दूध घेत जा. उद्याच जाऊन मोठ्या सिस्टरना सांग.” ती एकदम थांबली आणि म्हणाली, “आई, मला उपाय नकोय गं. मला नुसतं व्हेंट करायचंय.”

मला काय कळणार? मला वाटले, कुठल्या कचेरीत अर्ज करायचा असेल. मी म्हटले, “मग कर ना, पैसे लागतील का?” त्यावर ती जे हसली ते हसता हसता रडली. मग “ठेवते आई” म्हणून तिने फोन ठेवला. मी बराच वेळ तो फोन हातात धरून बसले होते. लेकीला काहीतरी हवे होते, ते माझ्याजवळ होते की नव्हते हेही मला कळले नाही, कारण त्याचे नावच मला माहीत नव्हते.

गेल्या वर्षापासून आपल्या मंडळात दुपारी इंग्रजीचा वर्ग चालतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दुसऱ्या दिवशी वर्गात मी बाईंना विचारले. बाईंनी फळ्यावर शब्द लिहिला आणि विचारले, “तुमच्या घरी कुकर आहे ना? त्याच्या झाकणावर जी शिट्टी बसवता, तिच्या खालच्या नळीला काय म्हणतात?” मी म्हटले, “नळी.” बाई म्हणाल्या, “तीच व्हेंट. कुकरच्या पुस्तिकेत तिला तेच नाव आहे.” म्हणजे ज्या शब्दासाठी मी रात्रभर तळमळले, तो वीस वर्षे माझ्या ओट्यावर होता!

बाईंनी शब्दाचे मूळही सांगितले. लॅटिन भाषेत वाऱ्याला ‘वेंतुस’ म्हणतात, त्यापासून हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. आपल्याकडे संस्कृतात ‘वा’ म्हणजे वाहणे, आणि त्यापासून वात, वायू. भाषेचे जाणकार सांगतात की तो वेंतुस आणि आपला वात ही एकाच मूळ धातूची लेकरे आहेत. जुन्या घरांतून भिंतीत वर जी लहान खिडकी असे, तिला आपण व्हेंटिलेटर म्हणत होतो, ती याच कुळातली. पुढे २०२० सालच्या कोरोनात त्याच नावाचे दुसरे यंत्र आपल्याला कळले, आणि ते नाव ऐकले तरी काळजात धस्स होई. कुठेही घ्या, अर्थ एकच. कोंडलेल्याला वाट करून देणे.

आणि मराठीत आपण तेच म्हणतो. “तिने अश्रूंना वाट करून दिली.” “रागाला वाट मिळाली.” मनाच्या बाबतीत व्हेंट म्हणजे आत कोंडलेल्या भावनेला वाट करून देणे. इंग्रजीत हा शब्द बहुधा राग, चीड, त्रास, वैताग यांच्याबरोबर येतो. आनंद कोणी सहसा व्हेंट करीत नाही. आनंदाला वाट करून द्यावी लागत नाही, तो दार उघडे नसले तरी बाहेर पडतो.

याच्या शेजारचे शब्दही बाईंनी समजावले. ‘कन्सोल’ म्हणजे सांत्वन करणे, ते दुसरा करतो. ‘रिलीव्ह’ म्हणजे आराम पाडणे, ते एखादी गोळीही करते. पण व्हेंट ज्याचे त्यानेच करायचे असते. ऐकणाऱ्याने तिथे काही करायचे नसते, नुसते असायचे असते. माझी लेक मला हेच सांगत होती, की आई, तू काही करू नकोस, नुसती रहा. आणि आपणा बायकांना सगळ्यांत अवघड काय असेल, तर काही न करता नुसते राहणे. समोर कोणी दुःख काढले की आपण लगेच काढा सांगतो, व्रत सांगतो, डॉक्टरचा पत्ता सांगतो, नाहीतर आपले त्याहून मोठे दुःख काढून तिच्या पुढ्यात ठेवतो.

आता मुख्य गोष्टीकडे येते. बाईंनी आम्हाला या शब्दाची वाक्ये करायला सांगितली. मी लिहिले, “आय व्हेंटेड ऑन माय फ्रेंड.” मला म्हणायचे होते की मी मैत्रिणीजवळ मन मोकळे केले. बाईंनी ‘ऑन’ला लाल पेन्सिलीने गोल केला आणि म्हणाल्या, “अहो, तुम्ही मैत्रिणीपाशी मन मोकळे नाही केलेत, तुम्ही बिचारीवर राग काढलात! तिथे ‘टु’ पाहिजे.” वर्गात सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी येताना तो लाल गोल माझ्याबरोबर आला. ‘ऑन’ म्हणजे वर. ‘टु’ म्हणजे इथे पाशी. वाफ तीच, तोंडही तेच, पण एका एवढ्याशा शब्दाने समोरच्या माणसाचे काय होते, ते ठरते. तुमच्यावर काढले, की तुमच्यापाशी काढले?

आपल्या म्हणी या ‘वर’ला चांगल्या ओळखतात. वड्याचे तेल वांग्यावर. त्यात वड्याचे काही जात नाही, वांगे मात्र होरपळते. लेकी बोले सुने लागे, हेही त्यातलेच. एका संसारात किती वांगी असतात, ते आपणा सगळ्यांना माहीत आहे. त्यातले एक मी सांगते, कारण ते माझ्या हातचे आहे.

माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. एका लग्नात नात्यातल्या एका बाईंनी पंगतीत सगळ्यांसमोर माझ्या सातवीचा उल्लेख केला. “हिला कशाला विचारता, हिला काय कळतंय त्यातलं,” असे काहीसे. मी हसले. पदर सावरून जिलबी वाढली. घरी आले तोवर सगळे आतच होते. संध्याकाळी मुलाच्या हातून दुधाचे भांडे कलंडले. पाव लिटरही नसेल. मी त्याच्या पाठीत जे धपाटे घातले, ते त्या दुधाचे नव्हते. तो रडलासुद्धा नाही. माझ्याकडे बघून एवढेच म्हणाला, “आई, मी काय केलं?” तो आज मोठा झाला आहे, विसरलाही असेल. मी विसरलेले नाही. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि आजही एकच उत्तर आहे, की बाळा, तू काही केले नव्हतेस, तू फक्त जवळ होतास.

काही जणी म्हणतात, राग काढून टाकला की माणूस मोकळे होते, भांडी आपटावी, ओरडावे, निचरा होतो. मलाही तसेच वाटे. पण बाईंनी एक माहिती वाचून दाखविली. अमेरिकेतले बुशमन नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. २००२ साली त्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात सहाशे विद्यार्थी होते. त्यांच्या लिखाणावर मुद्दाम लागेल असा शेरा मारून त्यांना चिडविले. मग काहींना, ज्याने शेरा मारला त्याचा विचार करीत भरलेल्या पोत्याला ठोसे मारायला लावले. काहींना व्यायाम म्हणून ठोसे मारायला सांगितले. आणि काहींना नुसते शांत बसविले. सगळ्यांत जास्त राग कोणाचा राहिला असेल? ज्यांनी त्या माणसाला मनात धरून ठोसे मारले, त्यांचा. जे नुसते बसले, त्यांचा उलट कमी. पुढे २०२४ साली १५४ अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यांत दहा हजारांवर माणसे होती. निष्कर्ष तोच निघाला. आदळआपट करून राग उतरत नाही. दीर्घ श्वास, ध्यान, योगासने अशांनी, म्हणजे अंगातली धग कमी केल्याने, उतरतो.

हे ऐकून मी घरी कुकरकडे नीट बघितले. शिट्टी होते तेव्हा वाफ जाते खरी, पण खालची आच तेवढीच असेल तर पुन्हा दोन मिनिटांत शिट्टी. आपण काय करतो? गॅस बारीक करतो. शिट्टीने स्फोट टळतो, शांत होते ते आच कमी केल्यावर. म्हणून ज्या घरात मारहाण आहे, व्यसन आहे, तिथल्या बाईला “मैत्रिणीजवळ बोल, बरे वाटेल” एवढेच सांगणे म्हणजे शिट्टीवर शिट्टी घेत राहणे. तिथे खालचा गॅसच बंद करायला हवा. त्यासाठी २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, १८१ हा महिलांचा मदतीचा क्रमांक आहे. आणि मनाला फारच अंधारी आली, जगणे नकोसे वाटू लागले, तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. तो २०२२ साली सुरू झाला, रात्रीबेरात्रीही लागतो, मराठीतही बोलता येते, पैसे पडत नाहीत. हे दोन आकडे आज घरी गेल्यावर तांदळाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा. पुरुषमाणसे तो डबा क्वचित उघडतात.

कुकरचे आणखी एक सांगते, कारण ते मला माझ्या सासूबाईंनी शिकवले. त्या म्हणत, “झाकण लावण्याआधी नळी उजेडाकडे धरून बघ. पलीकडचे दिसले पाहिजे.” तुरीच्या डाळीचे एखादे साल नळीत अडकते आणि वाट बंद होते. मग वाफ सेफ्टी व्हॉल्व्हकडे वळते. त्यात एक मऊ धातू भरलेला असतो, तो वितळतो आणि वाफ तिथून सुटते. घर वाचते, पण व्हॉल्व्ह नवा आणावा लागतो. मला वाटते, घरातले लहान मूल, किंवा नवी आलेली सून, किंवा आपले स्वतःचे शरीर, हे त्या व्हॉल्व्हसारखे असते. नळी बुजली की तेच आधी वितळते. मी मुलाच्या पाठीत धपाटे घातले, तेव्हा तेच झाले.

आता ‘पाशी’विषयी. ‘पाशी’ म्हणायला कोणीतरी जवळ लागते. आमच्या आजीच्या वेळी ते जाते होते. मी अगदी लहान असताना गिरणी गावात आलेली होती, पण लग्नाच्या हळदीला आजी जात्यावर बसलेली मी पाहिली आहे. समोरासमोर दोघी, खुंट्याला चार हात, आणि घरघर अशी की ओसरीवरच्या माणसाला शब्द ऐकू येऊ नये. आजी एरवी कोणापुढे तोंड उघडत नसे. जात्यावर बसली की आपल्या आईविषयी, भावाविषयी, सासरच्याविषयी ओवीमागून ओवी म्हणे, आणि समोरची नुसती मान हलवून दुसरी ओवी धरी. तिथे कोणी उपाय सांगत नसे. दळण सरले की दोघी उठत, पदर झाडत, आणि जे बोलले ते तिथेच राही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा ओव्या गोळा केल्या. त्या एक लाखाहून जास्त भरल्या. एक लाख! मैत्रिणींनो, सहीलाही अंगठा लावणाऱ्या बायकांच्या पोटात एवढे होते, आणि त्यांनी ते बाहेर काढायची जागा शोधून ठेवली होती. गिरणी आली, हाताचे कष्ट वाचले, फार चांगले झाले. जाते मला परत नको. पण जात्याबरोबर ती जागाही गेली. मग काही दिवस विहीर होती, नदीचा घाट होता, चाळीतला नळ होता. आता घरोघर नळ आहे आणि घरोघर दारही बंद आहे.

बाईंनी मला एका परदेशी बाईची गोष्ट सांगितली, ती तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही. १८८० साली ऑस्ट्रियात व्हिएन्ना शहरात बेर्था पापेनहाइम नावाची एकवीस वर्षांची मुलगी होती. वडील आजारी पडले, ती रात्ररात्र त्यांच्या उशाशी जागली, आणि त्यातच स्वतः आजारी पडली. हातपाय चालेनात. पुढे तर तिला आपली मातृभाषा जर्मन बोलता येईना, ती फक्त इंग्रजीतच बोले. ब्रॉयर नावाचे डॉक्टर तिच्याकडे येत आणि ती जे सांगे ते ऐकत बसत. बोलून झाले की तिला काही काळ बरे वाटे. या उपचाराला तिनेच इंग्रजीत नाव दिले, ‘टॉकिंग क्युअर’, म्हणजे बोलण्याचा उपचार. आणि थट्टेने ती त्याला ‘चिमनी स्वीपिंग’ म्हणे, म्हणजे धुराडे झाडणे! चुलीपुढे बसलेल्या कोणत्याही बाईला हे पटेल. पुढे १८९५ साली ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी तिचे नाव बदलून ही हकीगत पुस्तकात छापली, आणि मानसोपचाराच्या इतिहासात ती प्रसिद्ध झाली.

पण गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त आवडला. नुसत्या बोलण्याने ती पुरती बरी झाली नव्हती. त्यानंतरही तिला पुन्हा पुन्हा रुग्णालयात राहावे लागले. पुढे ती आईबरोबर जर्मनीत फ्रांकफुर्टला राहायला गेली, अनाथ मुलींच्या संस्थेत काम करू लागली, आणि १९०४ साली तिने ज्यू स्त्रियांची एक संघटना उभी केली. १९०७ साली निराधार मुली आणि कुमारी माता यांच्यासाठी आश्रम काढला. म्हणजे काय केले? मंडळच काढले की! जी एकेकाळी बोलायला डॉक्टरची वाट बघत होती, तिने दुसऱ्या मुलींसाठी दार उघडून ठेवले. तिच्या नावाने १९५४ साली जर्मनीत टपालाचे तिकीटही निघाले.

आता मी ज्यासाठी उभी आहे, ते सांगते. वर्गात मी हे बोलले नव्हते. चिटणीसबाईंनाही माहीत नाही.

काही वर्षांपूर्वी एक जण माझ्या घरी दुपारी आली. मी मेथी निवडत होते, ती समोर बसली आणि न बोलता माझ्याबरोबर निवडू लागली. जुडी अर्धी झाल्यावर तिने बोलायला सुरुवात केली. तिच्या घरातली गोष्ट होती. काय होती, हे मी आजही सांगणार नाही. ती या मंडळाची सभासद आहे की नाही, हेही सांगणार नाही. ती बोलत होती आणि मी ऐकत होते, आणि खरे सांगते, मला त्याचा थोडा अभिमान वाटला, की हिने मला निवडले. जाताना ती म्हणाली, “आज हलकं वाटलं बघ.” मी डब्यात चार लाडू घालून दिले.

ती हलकी झाली, पण मी जड झाले. आणि मी ते जड कुठे टाकले? दुसऱ्या एकीपाशी. वर “कुणाला सांगू नकोस हं” असे म्हणायलाही विसरले नाही. मला वाटले, मी काही वाईट करत नाही, काळजीपोटीच बोलते आहे. आठ दिवसांत ती गोष्ट चार घरे फिरून तिच्याच दारात गेली, आणि जाताना अंगावर दागिने घालून गेली.

ती भांडायला आली नाही. तिने माझा डबा परत पाठवला. घासून, पुसून, लखलखीत, आणि रिकामा. आपल्याकडे कोणी शेजारणीचा डबा रिकामा परत करीत नाही. घरात काही नसले तर चिमूटभर साखर तरी घालतात. तो रिकामा डबा हातात घेतल्यावर मला जे कळले, ते कोणी चार शिव्या दिल्या असत्या तरी कळले नसते. त्यानंतर ती माझ्याशी रस्त्यात हसून बोलते, पोराबाळांची चौकशी करते. पण ‘पाशी’ आली नाही.

इतकी वर्षे मी स्वतःला समजावीत आले, की एवढे काय झाले, बायका बोलतातच. पण बाईंनी त्या ‘ऑन’ला लाल गोल केला त्या दिवशी मला माझी चूक नावासकट दिसली. ती माझ्यापाशी बोलली होती. मी ते तिच्यावर टाकले. मी मुलावर काढले तेव्हा निदान पाठीवर वळ दिसत होते.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडे गेले. सबब नव्हती, सण नव्हता. दारातच म्हटले, “माझं चुकलं. तेव्हाच यायला हवं होतं.” ती काही बोलली नाही. आत गेली, पाणी आणले. मी ते प्यायले. मग मी विचारले, “वर्धापनदिनाला मला बोलायला सांगितलंय. मी हे सांगितलं तर चालेल का?” तिने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, “तुझं सांग. माझं सांगू नकोस.” मैत्रिणींनो, मी आज तेवढेच केले आहे.

आपल्या मंडळाने आजवर भिशी चालवली, शिवणाची यंत्रे आणली, भोंडला केला, रक्तदान केले, इंग्रजीचा वर्ग काढला. माझी एक विनंती आहे. शनिवारी वर्ग सुटल्यावर अर्धा तास ज्यांना बसायचे त्यांनी बसावे. हातात काहीतरी काम असावे, मेथी असो की लोकर. ज्या बाईला बोलायचे तिने बोलावे. बाकीच्यांनी ती विचारेपर्यंत उपाय सांगू नये, आणि आपले मोठे दुःख काढू नये. आणि उठताना, आजी पदर झाडून उठे तसे, ऐकलेले तिथेच झाडून उठावे. जिला हा नियम पाळणे कठीण वाटते, तिने खुशाल पोहे करायला जावे, ते कामही मोठे आहे. गैरहजर माणसाविषयी बोलायचे नाही, आपल्याविषयीच बोलायचे, हेही ठरवावे. मला पहिल्या रांगेत बसवू नका. माझ्यापाशी कोणी लगेच बोलेल असे मला वाटत नाही, आणि ते बरोबरच आहे. मी चहा देईन आणि दाराशी बसेन.

ज्यांना चारचौघींत बोलवत नाही, त्यांनी लिहावे. पेनेबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटे आपले मनातले दुःख लिहायला लावले होते. काय घडले आणि त्याचे काय वाटले, दोन्ही ज्यांनी लिहिले, त्यांना पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याची पायरी कमी चढावी लागली. मी आता हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिते. पुढून दूध, भाजी, वीजबिल, आणि मागून मी. शुद्धलेखनाच्या चुका काढायला तिथे कोणी येत नाही.

लेकीचे सांगायचे राहिले. परवा तिचा फोन आला तेव्हा मीच विचारले, “आज उपाय हवाय की व्हेंट?” ती क्षणभर गप्प राहिली आणि मग पंचवीस मिनिटे बोलली. मी फक्त ‘हं’ म्हणत होते. मध्ये दोनदा दूध घेत जा असे तोंडावर आले होते, ते गिळले. शेवटी ती म्हणाली, “आई, आज तू किती छान बोललीस.” मी तर काहीच बोलले नव्हते.

आणि एक. त्या घरून निघताना मी नेलेला डबा तिथेच ठेवून आले आहे. तोच तो, जुना. त्यात या वेळी बेसनाचे लाडू आहेत. तो अजून परत आलेला नाही. मी घाई करणार नाही. रिकामा परत करायचा असता तर दुसऱ्याच दिवशी आला असता, असे मी मनाशी म्हणते.

मला बोलू दिलेत, आणि मध्ये कोणी उपाय सांगितला नाहीत, याबद्दल मी सर्वांची आभारी आहे. पोहे गरम आहेत, ते निवायच्या आत माझे भाषण संपवते.

जय हिंद, जय महाराष्ट्र.